फुकटचं अ‍ॅप असताना ही खोकी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाची नजर कपाटावरच्या जुन्या बुद्धिबळ-संगणकांकडे जाते आणि प्रश्न ठरलेला असतो : मोबाइलवरचं फुकट अ‍ॅप विश्वविजेत्यालाही लोळवतं, मग ही खोकी कशाला जपता?

अहो, म्हणूनच! विश्वविजेत्याला लोळवणाऱ्याशी मी काय खेळणार? निमूट मार खायचा, एवढंच. ही यंत्रं आपल्यासारखीच चुकतात.

सुरुवातच बघा. अमेरिकेतल्या फिडेलिटी कंपनीने १९७७ साली ‘चेस चॅलेंजर’ विकायला काढला. घरी नेऊन खेळता येईल असा हा पहिलाच. आणि त्याच्यावर घरांची नावं चक्क उलटी होती : उभ्या रांगांना आकडे, आडव्यांना अक्षरं! १९७९मध्ये त्यांचं बोलणारं यंत्र आलं. त्यातली आवाजाची चिप मुळात अंधांसाठीच्या बोलक्या कॅल्क्युलेटरमध्ये वापरलेली. शब्दसंग्रह अगदी मोजका आणि सूर असा कोरडा, की शह दिला तरी रेल्वेची घोषणा वाटावी. बाकीच्यांना ती गंमत होती. पट न दिसणाऱ्या खेळाडूला मात्र चाल ऐकू येणं ही फार मोठी सोय.

जाहिरातींचं वेड मला यंत्राच्या आधी लागलं. फोर्टच्या फुटपाथवर परदेशी मासिकांचे जुने अंक मिळायचे, त्यात त्या पानभर असत. आपल्याकडे असली वस्तू कुणी बाहेरून आणली तरच दिसणार, त्यामुळे आम्ही जाहिरातच पुन्हा पुन्हा वाचायचो. सगळ्यांचं सांगणं एकच : जोडीदार नाही म्हणून डाव अडायला नको, हा रात्री दोनलाही तयार. मिल्टन ब्रॅडलीच्या यंत्रात पटाखालून चुंबक फिरायचं आणि सोंगट्या आपोआप सरकायच्या. नोव्हॅगच्या यंत्राला तर सोंगटी उचलणारा रोबोटचा हातच होता. म्युनिकचं मेफिस्टो म्हणजे श्रीमंती थाट, लाकडी पट, आणि नवा प्रोग्रॅम आला की फक्त त्याचं मॉड्यूल, म्हणजे सुटा भाग, बदलायचा. सायटेकने विश्वविजेत्या कास्पारोव्हचं नाव खोक्यांवर छापलं. पुढे १९९७मध्ये त्याच कास्पारोव्हला आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या महासंगणकाने हरवलं, हा योग कुठल्याही जाहिरातवाल्याला सुचला नसता.

रेटिंगचे, म्हणजे यंत्र किती ताकदीने खेळतं त्याचे, आकडे मात्र जाहिरातीत फुगवलेले असत. स्वीडनमधल्या हौशी मंडळींनी यंत्रं एकमेकांशी खेळवून स्वतःची यादीच काढायला घेतली, ते बरं झालं.

पण खरी मजा खेळताना आहे. सोंगटी तिच्या घरावर दाबायची, ‘टिक्’ होतं. उचलून नव्या घरावर पुन्हा दाबायची. मग यंत्र विचारात पडतं. वरच्या पातळीवर ठेवलं तर चहा करून यावा इतका वेळ. शेवटी कडेला दोन दिवे लागतात, एक उभ्या रांगेचा, एक आडव्या. दोन्ही जिथे मिळतात तिथली सोंगटी त्याच्या वतीने आपणच हलवायची. म्हणजे आपला वजीर तो मारणार असेल, तर तोही आपल्याच हाताने उचलून बाजूला ठेवायचा. अ‍ॅपवर वजीर नुसता नाहीसा होतो. इथे तो हातात येतो आणि दोन मिनिटांपूर्वी काय दुर्बुद्धी झाली होती ते आठवतं. माझं बुद्धिबळ थोडंफार सुधारलं असेल तर या शिक्षेमुळे.

तुम्हालाही एखादं घ्यायचं असेल, तर चकाकी बघून भुलू नका. आधी बॅटरीचा कप्पा उघडा. आत पांढरी-हिरवी पूड जमलेली असेल तर सेल फुटलेत, पत्र्या गंजल्यात, भाव निम्मा मागा. मग चौसष्ट घरं एकेक दाबून पाहा. एखादं मुकं निघालं तर विकणारा म्हणेल, ‘त्या घरात कोण जातंय साहेब!’