सरांनी वहाणा काढल्या

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढं उभे राहिले ते आपले इतिहासाचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, पण मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दलच.

तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं इनामगावच्या प्राचीन वस्तीचं उत्खनन जोरात होतं. १९६८ ते १९८३ इतकी वर्षं ते चाललं. आपल्याकडचे कितीतरी जण तिथं रोजानं जायचे. आम्हा पोरांना मात्र ते टेकाड म्हणजे पांढरी माती, एवढंच ठाऊक. सरांनी एक दिवस मागून घेतला आणि आमच्या नववीला भाकऱ्या बांधून, घोडनदीच्या काठाकाठानं चालवत तिथं नेलं.

खड्ड्यात उतरण्याआधी सरांनी वहाणा काढून कडेला ठेवल्या. खाली चोपलेली जमीन उघडी पडली होती, भोवती मेढींची भोकं, मधे चूल. "कुणाचं तरी घर आहे हे," एवढंच म्हणाले. ज्यांच्या पायांत चपला होत्या, त्यांनी त्या मुकाट्यानं काढल्या.

त्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली होती. आत तान्ह्या लेकराची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वी ही माणसं गेलेलं मूल घरातच पुरत. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "सर, लांब का नाही नेलं?" वर्गात पट्टीशिवाय न बोलणारे सर हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर आईला विचार."

मग त्यांनी पाट दाखवला. नदीच्या पुराचं पाणी शेताकडं वळवायला जोर्वे काळातल्या, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या याच लोकांनी तो खणला, असं अभ्यासक मानतात. जव पिकवायचे ते. आपल्या दुष्काळी भागात इतक्या जुन्या काळी कुणी पाण्याची आखणी केली होती, हे मला तिथं उभं राहून कळलं. पुढं मी पाटबंधारे खात्यात अभियंता झालो, कालव्यांवरच नोकरी संपली. ते सांगायला सर राहिले नाहीत, ही खंत आहे.

आता शाळेच्या सहली वॉटरपार्कला जातात, याचं फार वाईट वाटतं. महोत्सव समितीला माझी विनंती आहे: दरवर्षी नववीच्या मुलांना पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात न्या. इनामगावच्या वस्तू तिथं आहेत. गाडीचा आणि जेवणाचा खर्च मी देईन. सहलीला फक्त सरांचं नाव द्या.