ॲम्प्लिफायर चालू आहे की नाही, हे घराला कसं कळणार?

या दिवाणखान्याच्या कामाला आता चार महिने झाले. मूळ इच्छा एवढीच होती, की सोफ्याशेजारचं छोटं झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) बटण दाबलं की टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि कोडी या व्हिडिओ प्लेअरचा डबा चालू व्हावा, छताचे दिवे विझावेत आणि टीव्हीमागची दिव्यांची पट्टी मंद लागावी. आज्ञा पाठवण्याचं काम दोन रविवारांत उरकलं. बाकीचा सगळा वेळ गेला तो घराला स्वतःची खरी अवस्था कळावी म्हणून. या टप्प्याची नोंद सविस्तर ठेवते आहे, कारण असं काही उभारणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथेच अडकतो असं मला वाटतं.

आधी मांडणी. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारा प्रोग्रॅम), त्याला यूएसबीने जोडलेली एसएसडी, त्यावरच मॉस्किटो (उपकरणांचे निरोप एमक्यूटीटी या पद्धतीने पोचवणारा मध्यस्थ, म्हणजे ब्रोकर) आणि झिगबी उपकरणं त्याला जोडणारं झिगबीटूएमक्यूटीटी. सिनेमे एका जुन्या मिनी पीसीवर, तिथे ते टीव्हीपर्यंत पाठवणारा जेलीफिन हा सर्व्हर. टीव्हीमागे दुसरा पाय, त्यावर कोडी. खोलीत सेन्सर आणि एलईडी जोडायला तीन ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेले छोटे बोर्ड. यातलं काहीही इंटरनेटवर अवलंबून नाही. राउटरची बाहेरची वायर काढून दर महिन्याला एक संध्याकाळ सगळं वापरून बघते. जे त्या संध्याकाळी चालत नाही, ते या घरात ठेवायचं नाही असं ठरवलं आहे.

इन्फ्रारेड आणि एकच पॉवर बटण

ॲम्प्लिफायर जुना आहे, आवाज सुरेख आहे, बदलायचा नाही. त्याला नेटवर्क नाही, सीईसी (एचडीएमआय केबलवरून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) नाही, फक्त रिमोट. रिमोटचे कोड ३८ किलोहर्ट्झच्या रिसीव्हरने वाचून घेतले. निघाले साधे एनईसी पद्धतीचे: आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि पुढे ३२ बिट. ईएसपी३२ च्या पिनेवरून एलईडी थेट चालवला तर तीन फुटांपलीकडे काही पोचेना. मध्ये ट्रान्झिस्टर घातल्यावर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही काम झालं. एलईडी खरंच लुकलुकतोय का हे बघायला मोबाइलचा कॅमेरा पुरतो. डोळ्याला न दिसणारा तो उजेड बऱ्याच कॅमेऱ्यांत जांभळट दिसतो.

अडचण पुढे आली. रिमोटवर पॉवरचं बटण एकच. बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद. कोणी आधीच हाताने ॲम्प्लिफायर लावलेला असला, की माझं बटण दाबल्यावर दिवे विझायचे, टीव्ही लागायचा आणि आवाज जायचा. काही उपकरणं 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड मानतात, रिमोटवर ते छापलेले नसले तरी. माझ्या ॲम्प्लिफायरवर तसे शेजारपाजारचे सगळे कोड पाठवून पाहिले. एकही लागू पडला नाही.

मग तो वीज मोजणाऱ्या प्लगवर घेतला. झोपेत असताना अर्धा वॉट, जागा असताना गाणं नसलं तरी तीस वॉटच्या आसपास. एवढा मोठा फरक असल्यावर निर्णय सोपा. दहा वॉटच्या खाली असेल तरच पॉवरचा कोड पाठवायचा, सहा सेकंदांत आकडा पंधराच्या वर गेला नाही तर एकदाच पुन्हा पाठवायचा, आणि तरीही नाही तर थांबून मला कळवायचं. 'एकदाच' हा शब्द महत्त्वाचा आहे. सुरुवातीला मी आकडा चढेपर्यंत पाठवत राहा असं लिहिलं होतं आणि ॲम्प्लिफायर लागत-विझत राहिला. प्लग दहा सेकंदांनी आकडा कळवत होता आणि माझी आज्ञा तीन सेकंदांनी सुटत होती. जुन्या बातमीवर नवा निर्णय होत होता. झिगबीटूएमक्यूटीटीत त्या प्लगची कळवण्याची पद्धत बदलली: पाच वॉटचा फरक पडला की एका सेकंदात कळव. काही प्लग स्वतःहून कळवतच नाहीत, त्यांना ठरावीक वेळाने विचारावं लागतं. असा प्लग या कामाला घेऊ नका.

टीव्हीचं मात्र सुखाने जमलं. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनेवरून सीईसी धावतं आणि ते दुतर्फा बोलतं. टीव्हीला 'तू कोणत्या अवस्थेत आहेस' असं विचारलं तर तो चालू, झोपेत, किंवा 'उठतोय' असं उत्तर देतो. कोडीत ही भाषा येणारी लायब्ररी आधीच असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी या नावाने शोधू नका, प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळंच बारसं केलं आहे. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय असतात, केबल पॉवरच्या सॉकेटजवळच्यात लावा.

स्थिर बसलेला माणूस

दुसरा मोठा प्रश्न खोलीत माणूस आहे की नाही हा. पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. माणूस आत आला की लगेच कळतं, पण सिनेमा बघत निवांत बसलेल्या माणसात बदल कसला? दहा मिनिटांनी पट्टी विझायची. आईने दोन संध्याकाळी हात हलवून ती परत लावली आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अगं, मला दिव्याला हात करायला लावू नकोस, भिंतीवरचं बटणच बरं होतं." बरोबर होतं तिचं. त्या रात्रीच ते ऑटोमेशन बंद केलं आणि रडार मागवला.

एलडी२४१० हा २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार. श्वासाने छाती हलते तेवढंही त्याला दिसतं. तो अंतराचे कप्पे पाडतो, प्रत्येक कप्पा पाऊण मीटरचा, आणि प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी ठेवता येते. ही सोय नसती तर मी तो परत केला असता, कारण पहिल्या दिवशी त्याने रिकाम्या खोलीत सलग चार तास माणूस दाखवला. छताचा पंखा! पंखा बंद करून आणि चालू करून प्रत्येक कप्प्यातली ऊर्जा लिहून काढली. गडबड सवादोन ते तीन मीटरच्या कप्प्यात होती. तेवढ्याच कप्प्याची संवेदनशीलता कमी केली. सोफा दीड मीटरवर असल्याने काही बिघडलं नाही. पडदा हलल्यावरही असंच होतं, पण त्यावर सेन्सर थोडा कलता लावणं हा सोपा उपाय. पातळ भिंतीपलीकडचं माणूसही त्याला दिसतं, म्हणून तो पलीकडे कोणी वावरत नाही अशा बाजूला तोंड करून लावला.

आता वाटणी अशी: दिवा लावण्याचा अधिकार पीआयआरला, कारण तो चपळ आहे. विझवण्याचा अधिकार रडारला, कारण तो सावध आहे. गेल्या पाच आठवड्यांत एकदाही हात हलवावा लागलेला नाही.

मेलेल्या सेन्सरचा शब्द

एका रात्री सेन्सरचा ॲडॅप्टर जळाला. सकाळी दिवा लागलेलाच. ईएसपी३२ ने शेवटचा निरोप 'माणूस आहे' असा दिला होता आणि तो मी जपून ठेवण्याच्या खुणेसह पाठवत होते. मॉस्किटोने तो इमानाने जपला. होम असिस्टंटच्या लेखी खोलीत रात्रभर माणूस होता.

यावरचा उपाय एमक्यूटीटीत पहिल्यापासून आहे. हा प्रोटोकॉल १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी घडवला. तिथली जोडणी उपग्रहावरून, महाग आणि कधीही तुटणारी. अशा जागी 'बोलता बोलता गप्प झालेला' ओळखणं ही गरजच. म्हणून प्रत्येक उपकरण जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र ब्रोकरकडे ठेवू शकतं: मी न सांगता गेलो तर माझ्या नावे हा निरोप पाठव. ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ काही ऐकू आलं नाही की ब्रोकर तो निरोप सोडतो. ईएसपी३२ साठी मी स्वतः लिहिलेल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यातल्या प्रोग्रॅममध्ये, हे घातलंच नव्हतं. ईएसपीहोम या तयार फर्मवेअरमध्ये ते आपोआप असतं, त्यामुळे तिन्ही ईएसपी३२ आता त्यावर नेले आहेत. सेन्सर 'उपलब्ध नाही' झाला की ऑटोमेशन दिव्याला हात लावत नाही, फक्त मला कळवतं. भिंतीवरचं बटण तर नेहमीच चालतं. दिव्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेला त्या बटणाची वायर थेट जोडलेली आहे, मधे नेटवर्क नाही. ते रिलेचं काम, एमसीबी पाडून, टेस्टरने तपासून, वायरमनकडून करून घेतलं. एका बोर्डात न्यूट्रल नव्हतीच, तिथे रिले बसवायचा नाद सोडला.

सोफ्याजवळचं बटण अधूनमधून दगा द्यायचं, त्याचं कारण मजेशीर निघालं. झिगबीचे संदेश घेणारी यूएसबी काडी यूएसबी ३ च्या सॉकेटात, एसएसडीच्या अगदी शेजारी होती. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं आणि झिगबी नेमकं तिथेच बोलतं. काडी यूएसबी २ च्या सॉकेटात, मीटरभर एक्स्टेंशन वायरवर दूर नेली. वायफाय चॅनल १ वर आणि झिगबी २५ वर ठेवलं. त्यानंतर एकही दाबणं वाया गेलेलं नाही.

मिनी पीसी का तापतोय?

एरवी शांत असणारा मिनी पीसी काही सिनेमांना घरघरायचा. फाइल तीच, टीव्ही तोच. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर कारण सरळ लिहिलेलं होतं: सबटायटल. चित्ररूपातली सबटायटल टीव्हीच्या ॲपला दाखवता येत नव्हती, म्हणून सर्व्हर ती प्रत्येक चौकटीवर छापून अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करत होता. मजकुरातली सबटायटल असतील तर तो फाइल आहे तशी पाठवतो आणि प्रोसेसर जवळपास झोपलेला राहतो.

तिथून आपल्या लिपीकडे गाडी आली. देवनागरी सबटायटल आधी चौकोन दिसत होती. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून आणि देवनागरी असलेला फॉन्ट देऊन चौकोन गेले, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. फॉन्ट असणं वेगळं आणि अक्षरं जुळवणारं इंजिन असणं वेगळं. सबटायटल काढणारी लिबॅस ही लायब्ररी हार्फबझ नावाचं असं इंजिन वापरून ही जुळणी करते. कोडीची नवी आवृत्ती घेतल्यावर 'स्थिती' हा शब्द स्थिती असाच दिसायला लागला. तेव्हापासून टीव्हीचं ॲप सोडून सगळं कोडीवरूनच बघतो. आता जेलीफिन कधी एन्कोड करतोय आणि का, हेही होम असिस्टंटच्या पडद्यावर एका ओळीत आणलं आहे. पंख्याच्या आवाजावरून अंदाज बांधायची गरज उरली नाही.

कोडीकडून मिळणाऱ्या स्थितीवर दिवेही चालतात. सिनेमा थांबवला की पट्टी थोडी उजळते, पण आठ सेकंद थांबल्यावरच. एखादं वाक्य परत ऐकायला कोणी मागे गेलं, तर तेवढ्यासाठी खोली उजळायला नको. मालिकेचे दोन भाग एकामागून एक लागताना मधला एखादा सेकंद कोडी 'रिकामा' असतो, तोही यातच निभावतो.

राहिलेलं

ॲम्प्लिफायर चालू आहे हे वॉट सांगतात, पण तो कोणत्या इनपुटवर आहे हे सांगत नाहीत. इनपुटचा कोड दरवेळी पाठवला तर चालतं, कारण प्रत्येक इनपुटला स्वतंत्र बटण आहे. पण कोणी हाताने रेकॉर्ड प्लेअरवर नेला तर घराला पत्ता नाही, आणि गाणं चालू असताना खोलीतले दिवे सिनेमासारखे वागतात. ॲम्प्लिफायरच्या दर्शनी भागावर प्रत्येक इनपुटचा एकेक लाल दिवा आहे. चार एलडीआर (उजेड ओळखणारे छोटे सेन्सर) काळ्या टेपमध्ये गुंडाळून त्या दिव्यांवर चिकटवले आहेत, प्रत्येकाबरोबर १० किलोओहमचा रेझिस्टर. ईएसपी३२ च्या ३२ ते ३५ या पिना घेतल्या, कारण पिनेवरचा व्होल्टेज मोजणारे दोन भाग (एडीसी) त्यात असतात आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या पिना वाचता येत नाहीत. काल रात्री अंधारात चारही नीट ओळखले गेले. आज दुपारी ऊन थेट त्यांच्यावर आल्यावर तिसरा आणि चौथा एकदमच 'चालू' दाखवत होते. उद्या टेपच्या ऐवजी जाड रबराची नळी कापून लावून बघणार आहे.