तुम्ही विचारलंत म्हणून: काळजी कुठे ठेवता?

'तुम्हाला काळजी वाटतच नाही का हो?' यजमानांचं आजारपण सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यावरही बहुतेक वेळा कसलं तरी ओझं असतं, म्हणून जसं आहे तसं सांगते.

वाटते. त्यांच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला आणि रिपोर्टला आठ दिवस लागतील असं कळलं. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मी अंधारात त्यांचे श्वास मोजत पडायचे. ऑपरेशन, कर्ज, मुलीचं शिक्षण, पुढचं एकटेपण, सगळं तेवढ्यात भोगून व्हायचं. वर टोचणी अशी की, विश्वासी म्हणवतो आणि ही आपली गत!

आधी गेली ती ही टोचणी. वधस्तंभावर जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू व्याकूळ झाला होता हे लहानपणापासून वाचत आले होते. पण त्या आठवड्यात बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातली एक बारीकशी गोष्ट दिसली. त्यानं तीनदा जाऊन प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलला. खुद्द त्याला एकदा सांगून भागलं नाही, तर मी रात्रीतून दहादा तेच सांगितलं म्हणून काय बिघडलं?

मग येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातलं वचन: 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.' आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, इथल्या 'टाका'चा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, आणखी एकदाच येतो. येशूला यरुशलेमेत नेताना शिष्यांनी आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकली, तिथे. तेव्हापासून मला ती पाठ दिसते. काळजी विसरून जा असं कुणी म्हटलं की मला जमत नाही. उचलून त्या पाठीवर ठेव म्हटलं की जमतं. आणि आपली मराठीही किती नेमकी आहे पाहा. काळजी करतो आपण, घेतो तो.

रोजचं म्हणाल तर एक वही आहे. डाव्या पानावर प्रभूला द्यायचं ते लिहिते, उजव्या पानावर उद्या माझ्या हातात काय आहे ते. डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न, विम्याचे कागद. त्या आठ दिवसांत एका रात्री उजवं पान कोरंच राहिलं. करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या कोऱ्या पानाकडे मी बराच वेळ पाहत बसले, मग दिवा मालवला. त्या रात्री झोप लागली.

प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला, तुरुंगातून लिहिलं, की मागणं मागा ते आभार मानून. हे मला सगळ्यांत जड गेलं. पहिल्या दिवशी जेमतेम एवढंच लिहिलं: 'आज त्यांना ताप नव्हता.'

आणि हो, झोप कायमची उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यात विश्वास कमी पडत नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला आधी खाऊ-पिऊ घातलं, झोपू दिलं.

'आकाशातल्या पाखरांकडे पाहा' हे येशूचं वचन लोक मला धीर द्यायला ऐकवतात, जणू सगळं ठीकच होणार. पण तोच अध्याय संपतो तो 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' असं म्हणून. दुःख येणार नाही असं प्रभू म्हणतच नाही. उद्याचं आज ओढून आणू नका, एवढंच मागतो. मला हा खरेपणा जास्त आधार देतो.

रिपोर्ट चांगला आला नाही. उपचार चालू आहेत. परवा पुन्हा तपासणी आहे. काल रात्री डावीकडे तीच ओळ लिहिली, त्याच शब्दांत. उजवीकडे लिहिलं: सकाळी आठला निघणे, जुने रिपोर्ट बरोबर घेणे.