अं आणि अं अं

मी नागपूरची. त्यामुळे चिनी शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चिनीत 'बरं', 'ठीक' याला 'हाव' म्हणतात. आमच्याकडे 'हो'ला 'हौ'. शांघायच्या टॅक्सीवाल्याला मी बिनधास्त 'हौ' म्हणते आणि गाडी बरोबर वळते. दुसऱ्या आठवड्यात मात्र फजिती झाली. वर्गात कुणीतरी बाईंच्या अक्षराची तारीफ केली, तर बाई दोन्ही हात हलवत म्हणाल्या, "नाली, नाली!" मी दचकून पायाखाली बघितलं. आमच्याकडे नाली म्हणजे गटार. मग कळलं, 'नाली' म्हणजे 'कुठं'. कुणी कौतुक केलं की 'कुठं, कुठं' म्हणायचं. म्हणजे आपलं 'कुठलं काय हो, उगीच आपलं!' शब्दाला शब्द.

या बाई पेइचिंगच्या, म्हणजे आपल्या बीजिंगच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांनी मला भाषेबरोबर सगळं वळणही लावलं. 'तू'ला 'नी' असलं तरी मान द्यायचा तिथं 'निन' म्हणायचं. लिहिताना त्या 'निन'मध्ये 'नी'च्या खाली हृदयाचं चिन्ह येतं. केवढी गोड गोष्ट! ही पुंजी पदरात बांधून मी शांघायच्या ऑफिसात आले आणि महिन्याभरात माझं दिवाळं निघालं.

झालं असं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी वीचॅटवर, म्हणजे इथल्या व्हॉट्सॲपवर, निरोप पाठवला, 'आपण उद्या तक्ता पाठवाल का?' 'निन' घालून, आणि शेवटी तो पिवळा हसरा चेहरा. मुलगी 'शून्य-शून्यनंतरची'. इथं पिढ्या दशकांवरून मोजतात. ऐंशीनंतरचे, नव्वदनंतरचे, आणि २००० नंतर जन्मलेले ते शून्य-शून्यनंतरचे. तिनं तक्ता त्याच रात्री पावणेबाराला पाठवला. सकाळी माझ्यासाठी दुधाचा चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझं काही चुकलं का?"

मग तिनं मला तो चेहरा मोठा करून दाखवला. नीट बघा तुम्हीही. ओठ हसताहेत, पण डोळे हसत नाहीत. ते किंचित खाली झुकलेले, निर्विकार. तिच्या वयाच्या मुलांना त्यात 'पुढे एक शब्द बोललीस तर बघ' एवढं सगळं दिसतं. आणि 'निन'चं काय? तेही तसंच. बरोबरीच्या माणसाला 'निन' म्हटलं की टोमणा वाटतो. हे मात्र मला लगेच पटलं. आमची आई रागावली की म्हणायची, "आपण जेवणार आहात, की आम्ही झाकून ठेवू?" त्या 'आपण'मधला आदर ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत.

'हऽहऽ' हे हसणंही तसंच वाया गेलंय. 'हाहा' चालतं, तेही दोनच 'हा' म्हणजे तोंडदेखलं. चार-पाच टाकावे लागतात. आणि 'अं'. होकाराचा साधा हुंकार. एक 'अं' म्हणजे दार आपटल्यासारखं, दोन 'अं अं' म्हणजे सौजन्य. (मराठीत उलटं आहे बरं का. 'हो' म्हणजे हो, आणि 'हो हो' म्हणजे आता पुरे.) या मुलीनं साहेबांना चुकून एक 'अं' पाठवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. निरोप मागे घ्यायला वीचॅट दोन मिनिटं देतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं, अंगठा थरथरला, निरोप मागे घेतला आणि दुसऱ्या 'अं'सकट पुन्हा पाठवला. मागे घेतल्याची ओळ समोरच्याला दिसते, ती दिसलीच. "मेले मी, समाजात मेले," ती म्हणाली. हा त्यांचा खराच शब्दप्रयोग आहे, 'सामाजिक मृत्यू'. आपल्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. ही मुलं सरळ मरतात, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत पुन्हा जिवंत होतात.

लोक म्हणतात, नव्या पोरांना भीडभाड उरली नाही. एका 'अं'पायी घाम फुटलेली ही मुलगी पाहिल्यावर मला ते कसं खरं वाटावं? चेहरा सांभाळायची जागा तेवढी बदललीय. हू श्येनचिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४४ सालीच चिनी 'चेहऱ्या'चे दोन भाग करून दाखवले होते: 'ल्येन' म्हणजे माणसाची अब्रू, जी गेली की समाजात उभं राहता येत नाही, आणि 'म्येन्त्झ' म्हणजे कमावलेला, मिरवायचा मान. आपण दोन्ही कामं एका नाकावर भागवतो.

हा 'म्येन्त्झ' बघायचा तर माझ्या घरमालकीणबाईंबरोबर जेवायला जावं. त्यांना मी 'आयी' म्हणते. चिनीत मावशी-काकूंच्या वयाच्या बाईला तेच म्हणतात. मला आई म्हटल्यासारखं वाटतं, त्यांना काही कळत नाही, बरं चाललंय. बिल द्यायची वेळ आली की आयी हाताला पाणी लावायला म्हणून उठतात आणि पैसे चुकते करूनच परततात. एकदा मी आधी पोचले, तर गल्ल्यापाशी माझं मनगट धरून त्यांनी जी झटापट केली, ती बघून आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या सवाष्णी लाजल्या असत्या. ऑफिसातली मुलं मात्र जेवण संपायच्या आत हिशेब करतात. प्रत्येकी साडेसदतीस युआन, फोनवर टिचकी, संपलं. कुणाचं मनगट दुखत नाही.

आयींना हे सगळं कोरडं वाटतं. "नातू जेवून उठताना 'थँक्यू आजी' म्हणतो," त्या तक्रार करतात. "मी काय खाणावळ चालवते?" घरच्याला आभार मानणं म्हणजे त्याला बाहेरचा समजणं, असा त्यांचा हिशेब. मी काय बोलणार? जन्मात आईला धन्यवाद म्हटल्याचं मला आठवत नाही.

नातू आता शेनझेनला नोकरीला असतो. आयी त्याला साठ-साठ सेकंदांचे आवाजी निरोप पाठवतात. तो 'अं अं' लिहून मोकळा होतो. परवा त्यांना मी तो पिवळा चेहरा समजावून सांगितला. म्हटलं, आयी, तुम्ही सरसकट सगळ्यांना पाठवता, पण पोरांना तो भलताच लागतो. आयींनी चष्मा कपाळावर सरकवला, चेहरा न्याहाळला, आणि दुधी कापत बसल्या.

"ठाऊक आहे," म्हणाल्या. "नुसता तेवढाच पाठवला ना, शब्द न लिहिता, की पाच मिनिटांत त्याचा फोन येतो."