सर्वांनी लिहायचा फोल्डर: लिनक्सवर परवानग्या लावताना

एका दिवाळी अंकाचं काम चौघं एकाच उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर करणार होते. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, फोल्डर एक. लिनक्समध्ये परवानगी तीन आकड्यांत लिहितात: मालक, ग्रुप आणि बाकीचे; वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, एक्झिक्यूटचा (चालवण्याचा, फोल्डरबाबत आत जाण्याचा) १, यांची बेरीज. अशा वेळी सगळ्यांना सगळं देणारा ७७७ लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मी तो कधीच लावत नाही. त्याने मशीनवरच्या कुठल्याही युजरला, कुठल्याही सर्व्हिसला तिथे लिहिता येतं.

फोल्डर कुणाच्या होममध्ये, म्हणजे युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, ठेवला नाही. उबंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० असतं, आणि वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्झिक्यूट नसेल तर आतल्या परवानग्यांचा काही उपयोग नाही. म्हणून सर्व्हरच्या 'एसआरव्ही' (/srv) या सामायिक डिरेक्टरीखाली 'अंक' बनवला. वाट कुठे अडते ते 'नेमआय -एल' (namei -l) ही कमांड दाखवते: मार्गातल्या एकेका डिरेक्टरीचा मालक, ग्रुप, परवानगी.

मग ग्रुप बनवून 'युजरमॉड -एजी' (usermod -aG) या कमांडने चौघांना त्यात घातलं. इथे कॅपिटल जीच्या आधी स्मॉल ए हवाच. तो राहिला तर युजर बाकीच्या जादा ग्रुपमधून निघतो, अॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडो ग्रुपमधूनही. नवा ग्रुप पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो. ग्रुप दाखवणाऱ्या 'आयडी' (id) कमांडला युजरचं नाव दिलं तर नवा ग्रुप लगेच दिसतो, त्यामुळे फसगत होते. चालू सेशनचं खरं चित्र नुसतं 'आयडी' देतं.

'चग्रुप'ने (chgrp) फोल्डरचा ग्रुप बदलला आणि परवानग्या बदलणाऱ्या 'चमॉड'ला (chmod) २७७० दिलं. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत बनणारी प्रत्येक फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते आणि नव्या उपफोल्डरलाही हा बिट लागतो. फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस -एल'मध्ये (ls -l) ग्रुपच्या एक्सच्या (एक्झिक्यूटच्या) जागी एस दिसतो.

एवढ्याने भागत नाही. युमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा युजरचा आकडा, ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ बनते. ग्रुप बरोबर, पण लिहिता येत नाही. प्रत्येकाचा युमास्क सांभाळण्यापेक्षा मला डीफॉल्ट एसीएल बरा वाटतो, म्हणजे फोल्डरला लावलेली परवानग्यांची जादा यादी, जी आत नव्याने बनणाऱ्या फाइलींना आपोआप लागते: 'सेटएफएसीएल' (setfacl) कमांडला डी आणि एम देऊन आपल्या ग्रुपच्या नावाने आर (वाचणं), डब्ल्यू (लिहिणं), कॅपिटल एक्स. डीफॉल्ट एसीएल असला की तिथे युमास्क बघितलाच जात नाही. कॅपिटल एक्स घ्यायचा, कारण आधीच्या फाइलींवर हेच रिकर्सिव्ह (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) चालवताना साध्या फाइली एक्झिक्यूटेबल होत नाहीत.

तरीही एखादी फाइल अडते. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना ६०० ची तात्पुरती फाइल बनवून तिलाच मूळ नाव देतात. मग एसीएलचा मास्क, म्हणजे ग्रुपला जास्तीत जास्त किती परवानगी याची मर्यादा, रिकामा होतो आणि एसीएल दाखवणाऱ्या 'गेटएफएसीएल'मध्ये ग्रुपच्या ओळीपुढे 'इफेक्टिव्ह' लिहून तीन आडव्या रेघा येतात. त्या फाइलीवर 'चमॉड जी+आरडब्ल्यू' दिलं की मास्क उघडतो. त्याच डिस्कवरून 'एमव्ही'ने (mv, हलवून) आणलेली फाइलसुद्धा जुना ग्रुप आणि जुन्या परवानग्या घेऊनच येते. साध्या 'सीपी'ने (cp, प्रत काढून) आणली तर फोल्डरचा ग्रुप लागतो, पण मूळ फाइलीत ग्रुपला लिहिता येत नसेल तर प्रतीतही येत नाही.

फाइल पुसायची परवानगी मात्र फाइलीवर नसून फोल्डरवर ठरते, म्हणजे या मांडणीत कुणीही कुणाचीही फाइल पुसू शकतो. ते नको असेल तर २७७० ऐवजी ३७७०. त्याने वाढलेला १ म्हणजे स्टिकी बिट; तो लागल्यावर फाइलीचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट (मशीनचा मुख्य अॅडमिन) एवढ्यांनाच पुसता येतं. पण वर सांगितलेल्या प्रोग्रॅमना दुसऱ्याची फाइल मग सेव्ह करता येत नाही, कारण जुन्या फाइलीची जागा घेणं हेही पुसण्यातच मोडतं. म्हणून ३७७० फक्त तयार पीडीएफच्या उपफोल्डरला दिलं.