भोवरे आले कुठून?

"पण आपण तर काहीच ढकललं नाही!" शेजारी बसलेली ज्युनिअर म्हणाली.

स्क्रीनवर गोल खांबाभोवतून प्रवाह चालला होता, संगणकाने गणित करून काढलेला; रेनॉल्ड्स अंक (वेग आणि खांबाची जाडी द्रवाच्या चिकटपणापुढे किती भारी, ते सांगणारा आकडा) 100. बराच वेळ खांबामागे दोन भोवरे, वरचा आणि खालचा, आरशात पाहावेत तसे. मग शेपूट किंचित हललं, आणि बघता बघता भोवरे आलटूनपालटून सुटू लागले. कार्मानची भोवऱ्यांची रांग.

लॅटिस बोल्ट्झमनमध्ये, म्हणजे चौकटींच्या जाळ्यावर प्रवाह मोजायच्या पद्धतीत, द्विमितीत, प्रत्येक चौकटीत फक्त 9 आकडे: थांबलेले कण किती आणि कुठल्या दिशेला चाललेले किती. टक्कर, मग शेजाऱ्यांकडे सरकणं, बस्स. जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर, सिंगल प्रिसिजनमध्ये (आकडे कमी अंकांत साठवताना) साधारण सातव्या अंकापुढचं गळून जातं. वरच्या आणि खालच्या बाजूला ते अगदी सारखं गळत नाही, एवढंच. रेनॉल्ड्स अंक सुमारे 47 च्या पुढे गेला की हा प्रवाह अस्थिर असतो, तो कणभर फरकही वाढवत नेतो.

"म्हणजे चुकीमुळे बरोबर उत्तर आलं?"

हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे. खऱ्या पाण्यात हेलकावे असतातच. बीज कुठलंही असो, भोवऱ्यांची लय तीच येते. तेवढं मी तिला खात्रीने सांगितलं.

पण पहिला भोवरा सुटला ती वेळ? ती प्रवाहाची म्हणायची, की जीपीयूची?