वजनाचा रकाना

पेट स्कॅन, म्हणजे अंगातली कॅन्सरची गाठ दाखवणारी तपासणी. तिच्या अर्जावर वजनाचा एक रकाना असतो. इंजेक्शनचा डोस त्यावर ठरतो, म्हणून पेशंटला काट्यावर उभं केल्याशिवाय मी तिथे आकडा लिहीत नाही. जुलैतल्या त्या सकाळी काटा ४९ वर थांबला. जुन्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात ५८ लिहिलेलं होतं. मध्ये जेमतेम अडीच महिने गेले होते.

काका वाशीच्या बाजारात माथाडी, मूळचे पाटणकडचे. तंबाखूची चिमूट वर्षानुवर्षं गालात जिथे ठेवली, तिथेच कॅन्सर. दोन केमो झाल्या होत्या आणि आता ऑपरेशनचं ठरवायला दुसरा स्कॅन होता. केमोत माणूस उतरतोच, त्यात तोंडाचं दुखणं. मी तसंच धरून चालले. बोट टोचून साखर पाहिली, ७१ निघाली. "दोन-तीन दिवसांत काय काय खाल्लंत?" म्हणून विचारलं, तर काकांनी बायकोकडे, मावशींकडे पाहिलं.

"दुधीचा रस, उकडलेला पाला," मावशी म्हणाल्या. "भात, भाकरी, दूध, केळं समदं बंद केलंय. पेजसुदिक न्हाई देत. तुमीच सांगितलं न्हवतं का, गाठ साखर खाती म्हणून?"

सांगितलं होतं. पहिल्या स्कॅनच्या वेळी मावशी इंजेक्शनला घाबरल्या होत्या. तेव्हा त्यांना समजावलं होतं की हे साखरेसारखंच औषध आहे, गाठ साखर जास्त खाते, म्हणून ती फोटोत चमकते. त्यात खोटं काही नव्हतं. इंजेक्शनमधलं औषध एफडीजी, म्हणजे ग्लुकोजचाच थोडा बदललेला रेणू, त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं असतं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, त्यावर फॉस्फेट चढवते, पण पुढे तो पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. जिथे ओढ जास्त, तिथे तो साठतो. माझं चुकलं ते अर्ध्यावर थांबण्यात. उरलेलं अर्धं मावशींनी आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलवरच्या संदेशांनी पूर्ण केलं.

डोस शिशाच्या डब्यात येऊन पडला होता. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचा जोर निम्मा होतो, त्यामुळे बोलत बसायची सोय नव्हती. काकांना इंजेक्शन दिलं, खोलीत झोपवलं आणि दोन ब्लँकेटं घातली. अंगावर मांस उरलं नव्हतं, एसीत ते काकडत होते, आणि कुडकुडणारे स्नायूही हे औषध ओढून घेतात. तासभर बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, नाहीतर जबड्याचे स्नायू उजळतात आणि गालाचं चित्र फसतं. त्यांनी नुसती मान हलवली.

तो तास मी मावशींजवळ बाहेर बसले. म्हटलं, मावशी, आपण साखर खाल्ली नाही तरी रक्तातली साखर संपत नाही. लिव्हर ती तयार करतं, आणि खायला मिळालं नाही तर अंगातलं मांस मोडून त्याची साखर करतं. गाठ म्हणजे घरात घुसलेला आगंतुक. घरात दाणा कमी आला तर तो उपाशी राहत नाही, घरचे उपाशी राहतात. काकांचे नऊ किलो तिथे गेले असणार, निदान त्यातले बरेच. डायबिटीस असता तर साखर सांभाळावीच लागली असती, पण तो त्यांना नाही. मावशींनी पदर तोंडाशी धरला. "म्हंजे म्याच उपाशी मारलं का?" मी म्हटलं, तुम्ही माझं ऐकलंत. अर्धं मी सांगितलं नव्हतं.

स्कॅन झाला. कन्सोलवर आमच्या डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. गालातला उजेड कमी झाला होता. पण मानेच्या दुसऱ्या बाजूला, जिथे मागच्या वेळी काही नव्हतं, तिथे छोटासा ठिपका होता. अडीच महिने भात-भाकरी बंद होती, तरी.

डॉक्टर शांतपणे बोलत होते. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्गला दिसलं होतं की प्राणवायू भरपूर असतानाही कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टेट करतात आणि सोबत आम्ल बाहेर टाकतात. त्या वाटेने एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, जेमतेम २ रेणू मिळतात, पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास. पण नवी पेशी उभारायला लागणारा कच्चा मालही याच वाटेवर मिळतो. त्या आम्लाने आजूबाजूची वीण सैल होते, प्रतिकारपेशी मंदावतात. त्यातच काही पेशी आपलं रूप बदलतात. गालाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून असतात. काही जणी हा हात सोडतात, लांबट होतात, सरकू लागतात आणि लसिकावाहिनीत, म्हणजे अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळीत, शिरतात. नव्या जागी पोचल्यावर पुन्हा जुनं रूप घेऊन बिऱ्हाड थाटतात. इंधनही बदलतात. साखर नाही तर ग्लुटामिन (प्रथिनांचा एक घटक), नाही तर चरबी. एक वाट बंद झाली म्हणून थांबणाऱ्या पेशी या नव्हेत. मला हे परीक्षेपुरतं पाठ होतं. तो ठिपका समोर असताना ऐकलं तेव्हा पहिल्यांदा आत उतरलं.

बाहेर मावशी उभ्याच होत्या. "कमी झालीय ना?" रिपोर्ट सांगायचा अधिकार मला नाही, आणि नसावाच. मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील, मी जेवणाचं सांगते. रेफर करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून वजनाचे दोन्ही आकडे कळवले, आहारतज्ज्ञांची वेळ मागून घेतली. ऑपरेशन झालं तर जखम भरायला प्रथिनं लागणार होती. अंडं, डाळ, दही, मऊ भात, पेजेत तूप, हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

काका कपडे बदलून आले तेव्हा कॅन्टीनचा चहा मागवला. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला. मावशींनी साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि तो तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"किती घालू?"

"त्यांना आवडते तेवढी," मी म्हटलं.

"तीन घेत्यात ते," मावशी म्हणाल्या, आणि मोजून तीन घातले.